लेसरची आच आणि टिटॅनियमचे बळ

कोल्हापूरहून दक्षिणेस बंगळूरकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावर, कर्नाटकाच्या सीमेलगत, कागल हे तालुक्याचे ठिकाण आहे. राजर्षी शाहू छत्रपती ज्या घाटगे घराण्यात जन्मले ते घराणे येथले. ऊस आणि गूळ ही या परिसराची जुनी ओळख. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची कागल-हातकणंगले पंचतारांकित औद्योगिक वसाहत ही त्याची नवी ओळख होय. कोल्हापूर शहरातील शिवाजी उद्यमनगरात रुजलेला ओतकामाचा व्यवसाय शिरोली व गोकुळ शिरगाव येथे वाढला आणि पुढे कागलपर्यंत येऊन पोहोचला. इंजिने, मोटारी, ट्रॅक्टर, पंप यांचे लोखंडी सुटे भाग घडविणारा प्रदेश म्हणून कोल्हापूर जिल्ह्याचे नाव आज देशभर घेतले जाते.

फौंड्रीतील जाणत्या कामगाराला एक गोष्ट कोणी शिकवावी लागत नाही. साचा तोच, लोखंड तेच, तरीही ओतताना रस थंड झालेला असेल तर दोन बाजूंनी आलेले प्रवाह एकजीव होत नाहीत आणि मध्ये सांधा राहतो. त्याला तो ‘कोल्ड शट’ म्हणतो. साच्यातील वायू बाहेर पडू शकला नाही तर ओतीव भागाच्या पोटात ‘ब्लो होल’ राहते. वरून माल सुबक दिसतो. लेथवर कातताना पोकळी उघडी पडते आणि सगळा माल परत येतो. धातूचा दर्जा उत्तम असूनही वस्तू निकामी होते, कारण तिला मिळालेली आच चुकलेली असते. गुऱ्हाळावरील गुळव्यालाही हे ठाऊक आहे. रस एकाच फडातल्या उसाचा असला तरी चुलवाणाची आच साधली नाही तर ढेप धड बसत नाही, किंवा गूळ काळपट होतो.

धातूच्या वस्तू घडविण्याची जी नवी पद्धत गेल्या तीन दशकांत पुढे आली आहे, तिच्यात साचा नाही, लाडल नाही आणि ओतणेही नाही. धातूची बारीक पूड थराथराने पसरून लेसर किरणाने ती हव्या त्या जागी वितळवायची आणि थरावर थर चढवीत वस्तू उभी करायची, अशी ही रीत आहे. तिला ‘मेटल थ्री-डी प्रिंटिंग’ अथवा ‘ॲडिटिव्ह मॅन्युफॅक्चरिंग’ असे नाव आहे. जर्मनीतील आखेन येथील फ्राउनहोफर संस्थेने १९९० नंतरच्या दशकात या पद्धतीच्या आजच्या स्वरूपाचा पाया घातला. यंत्र संगणकावर चालते, म्हणून येथे चुकीला वाव नाही असा समज होण्याचा संभव आहे. वस्तुस्थिती वेगळी आहे. कोल्ड शट आणि ब्लो होल या दोन्ही जुन्या व्याधी या नव्या पद्धतीत सूक्ष्म रूपाने परत येतात, आणि त्या येतात की नाही हे लेसरची मात्रा कशी ठरविली यावर अवलंबून असते. टिटॅनियमच्या बाबतीत हा प्रश्न अधिकच गंभीर ठरतो, कारण त्याचे भाग विमानात बसतात आणि माणसाच्या शरीरातही बसतात.

टिटॅनियम भट्टीत का ओतता येत नाही

टिटॅनियम हा महाराष्ट्राला अगदीच परका धातू नव्हे. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील काळसर वाळूत इल्मेनाइट हे टिटॅनियमचे खनिज आढळते. केरळात चवरा येथे खनिजापासून टिटॅनियम स्पंज तयार करणारा कारखाना २०११ मध्ये सुरू झाला. त्याचे तंत्रज्ञान हैदराबादच्या संरक्षण धातुविज्ञान संशोधन प्रयोगशाळेने विकसित केलेले आहे. धातू पोलादाच्या मानाने हलका, म्हणजे त्याचे वजन पोलादाच्या सुमारे सत्तावन्न टक्के, परंतु बळाने पोलादाच्या तोडीचा. तो गंजत नाही आणि शरीर त्याला सहसा नाकारत नाही. उद्योगात बहुतेक वेळा शुद्ध टिटॅनियमऐवजी त्यात ६ टक्के ॲल्युमिनियम व ४ टक्के व्हॅनेडियम मिसळलेला मिश्रधातू वापरतात.

एवढे गुण असूनही कागलच्या नेहमीच्या फौंड्रीत हा धातू ओतता येणार नाही. तो सुमारे १,६५० अंश सेल्सिअसला वितळतो, आणि वितळलेल्या स्थितीत हवेतील प्राणवायू व नायट्रोजन अधाशीपणाने शोषून घेतो. तसे झाले की तो ठिसूळ बनतो. नेहमीच्या वाळूच्या साच्याशीही त्याची रासायनिक क्रिया होते. त्यामुळे त्याचे ओतकाम निर्वात भट्टीत आणि खास साच्यांतच करावे लागते. ठोकून घडविलेल्या ठोकळ्यातून भाग कातावयाचा म्हटले तर मौल्यवान धातूचा मोठा हिस्सा चुऱ्यात जातो. पुडीपासून वस्तू घडविण्याची पद्धत या धातूला विशेष मानवली ती या दोन अडचणींमुळे. यंत्राची पेटी आर्गॉन वायूने भरलेली असते, म्हणून हवेचा संपर्क टळतो. आणि न वितळलेली पूड गाळून पुन्हा वापरता येते.

या पद्धतीत किती बचत होऊ शकते याचे एक ठळक उदाहरण आपल्याच देशातले आहे. भारतीय अंतराळ संशोधन संस्थेने पी.एस.एल.व्ही. अग्निबाणाच्या चौथ्या टप्प्याचे इंजिन लेसर व धातूच्या पुडीच्या साहाय्याने घडविले आणि ९ मे २०२४ रोजी त्याची ६६५ सेकंदांची चाचणी यशस्वी केली. पूर्वी चौदा तुकडे जोडून होणारा भाग एकसंध झाला व एकोणीस वेल्डिंगचे जोड वाचले. जुन्या रीतीने एका इंजिनाला ५६५ किलो कच्चा माल लागे. नव्या रीतीने १३.७ किलो पूड पुरली.

चार आकडे

यंत्रावर ठरवावयाच्या बाबी पुष्कळ असल्या तरी मुख्य आकडे चार आहेत. पहिला लेसरची शक्ती, दुसरा किरण पुढे सरकण्याचा वेग, तिसरा किरणाच्या दोन शेजारच्या रेषांमधील अंतर आणि चौथा पुडीच्या एका थराची जाडी. वर सांगितलेल्या मिश्रधातूसाठी प्रचलित असलेले एक मापन असे आहे: शक्ती २८० वॉट, वेग सेकंदाला १,२०० मिलिमीटर, रेषांमधील अंतर ०.१४ मिलिमीटर, थराची जाडी ०.०३ मिलिमीटर. माणसाचा केस साधारणपणे ०.०७ मिलिमीटर जाड असतो, यावरून थराच्या बारीकपणाची कल्पना येईल.

शक्तीला उरलेल्या तिन्ही आकड्यांच्या गुणाकाराने भागले की धातूच्या प्रत्येक घन मिलिमीटरला किती ऊर्जा मिळाली ते कळते. वरील उदाहरणात ती सुमारे ५५.६ ज्यूल येते. शाळेतील विद्यार्थीही हे गणित करू शकेल. आता एवढा धातू खोलीच्या तापमानापासून तापवून वितळविण्यास अंदाजे ६ ज्यूल पुरतात. म्हणजे गरजेच्या नऊपट ऊर्जा ओतली जाते. तिचा काही भाग परावर्तित होतो आणि बराचसा खालच्या घट्ट धातूत वाहून जातो; शिवाय प्रत्येक रेषा शेजारची रेषा आणि खालचे काही थर पुन्हा वितळविते. हे पुन्हा वितळणे अपव्यय नव्हे. त्याच्यामुळेच थर एकमेकांना धरतात.

वेग दुप्पट केला आणि बाकी सर्व तसेच ठेवले तर ऊर्जा निम्म्यावर, सुमारे २८ ज्यूलवर येते. वितळलेल्या धातूचे डबके उथळ होते, खालच्या थरापर्यंत पोहोचत नाही, आणि थरांच्या मध्ये चपट्या, वाकड्यातिकड्या, टोकदार कडांच्या पोकळ्या राहतात. त्यांत काही वेळा न वितळलेली पूड तशीच अडकलेली असते. फौंड्रीतील कोल्ड शटचेच हे धाकटे भावंड. उलट वेग निम्मा केला तर ऊर्जा १११ ज्यूलवर जाते. धातू नुसता वितळत नाही, त्याची वाफ होऊ लागते. वाफेच्या दाबाने डबक्यात खोल, अरुंद विवर पडते. ते अस्थिर असल्याने मध्येच मिटते आणि तळाशी वायूचा गोल बुडबुडा कोंडला जातो. हे झाले ब्लो होलचे भावंड.

दोन्ही पोकळ्याच असल्या तरी त्या सारख्या घातक नाहीत. गोल बुडबुड्याभोवती ताण बऱ्याच अंशी वाटला जातो. चपट्या फटीच्या टोकाशी तो एकवटतो आणि तेथून चीर सुरू होते. म्हणून जाणते तंत्रज्ञ कमी आचेला जास्त भितात. त्यातून ही फट थराच्या समांतर पडलेली असते. त्यामुळे वस्तू यंत्रात आडवी घडविली की उभी, यावरही तिचे बळ बदलते.

ऊर्जेच्या या एका आकड्यावर सर्वस्वी विसंबणे मात्र चुकीचे ठरेल. १४० वॉट व ६०० मिलिमीटर वेग, किंवा ५६० वॉट व २,४०० मिलिमीटर वेग, यांचा भागाकारही ५५.६ इतकाच येतो. परंतु तिन्ही वेळा डबक्याचा आकार, खोली व स्थैर्य निराळे असते आणि वस्तूही निराळी निघते. एकूण सरपण तेवढेच असले तरी मंद आचेवर बराच वेळ शिजविणे आणि भडक्यावर झटपट उरकणे यांत जो फरक, तोच येथे आहे. ऊर्जेचा आकडा वाट दाखवितो. निर्णय प्रत्यक्ष नमुने घडवून, कापून, सूक्ष्मदर्शकाखाली पाहूनच करावा लागतो.

बळ वाढते, सहनशीलता घटते

पोकळ्या अजिबात नसल्या तरी प्रश्न संपत नाही. लेसरचा किरण पुढे सरकताच मागचे डबके सेकंदाला लाखो अंश अशा वेगाने थंड होते. तापलेले पोलाद पाण्यात बुडविले की ते कडक पण ठिसूळ होते, हे लोहारकाम पाहिलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. टिटॅनियमच्या या मिश्रधातूतही तसेच घडते. त्याच्या अंतर्रचनेत सुयांसारखे बारीक कण तयार होतात. परिणामी यंत्रातून नुकत्याच काढलेल्या वस्तूचे ताण सहन करण्याचे सामर्थ्य १,१०० ते १,३०० मेगापास्कलपर्यंत जाते. ठोकून घडविलेल्या त्याच मिश्रधातूत ते साधारणतः ९०० ते १,००० असते. कागदावर हा आकडा आकर्षक दिसतो. परंतु तुटण्यापूर्वी धातू किती लांबतो, म्हणजे त्याची तन्यता किती, हे पाहिले तर ती अनेकदा १० टक्क्यांच्या खाली गेलेली असते.

ए.एस.टी.एम. या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेने अशा रीतीने घडविलेल्या या मिश्रधातूसाठी किमान ८९५ मेगापास्कल सामर्थ्य आणि किमान १० टक्के तन्यता अशी अट घातली आहे. यंत्रातून निघालेली कोरी वस्तू पहिली अट सहज पार करते आणि दुसरीत नापास होण्याचा संभव असतो. केवळ बळाचा आकडा दाखवून माल विकणाऱ्याकडे तन्यतेचा आकडा मागावा, असे यावरून दिसून येईल.

झटपट थंड होण्याचा दुसरा परिणाम म्हणजे अंतर्गत ताण. प्रत्येक नवा थर आकसू पाहतो आणि खालचा थर त्याला अडवितो. हे ताण साचत गेले तर वस्तू वाकते, प्रसंगी पायथ्याच्या पाटापासून उचलली जाते. किरणाच्या फिरण्याची तऱ्हा बदलून हा ताण बराच कमी करता येतो. एका थरातील लांबच लांब रेषांऐवजी बुद्धिबळाच्या पटासारखे छोटे चौकोन पाडतात, आणि प्रत्येक नव्या थरात रेषांची दिशा ६७ अंशांनी फिरवितात, जेणेकरून त्याच दिशेची रेषा पुष्कळ थरांपर्यंत पुन्हा येऊ नये.

उरलेला दोष काढावयाचा तो पुन्हा उष्णतेनेच. वस्तू निर्वात किंवा आर्गॉनच्या भट्टीत सुमारे ८०० अंशांवर दोन ते चार तास ठेवली की ताण सैल होतात, सुया विरघळून समतोल रचना येते, बळ थोडे उतरते आणि तन्यता वाढते. महत्त्वाच्या भागांसाठी याहून पुढची प्रक्रिया आहे. सुमारे ९२० अंश तापमान आणि वातावरणाच्या हजारपट वायुदाब यांत वस्तू दोन तास ठेवतात. आतल्या बहुतेक पोकळ्या दाबून मिटतात. परंतु पृष्ठभागापर्यंत उघडलेली फट यानेही बुजत नाही, कारण दाबाचा वायूच तिच्यात शिरतो. चुकलेली मात्रा नंतरच्या उपचाराने पूर्णपणे भरून काढता येईल, या भरवशावर राहणे म्हणूनच धोक्याचे आहे.

दहा लाख पावले

सांध्याच्या किंवा हाडाच्या जागी बसविलेला भाग एकदा जोराने ओढून तुटतो असे सहसा होत नाही. तो थकून तुटतो. चालणाऱ्या माणसाच्या एका पायावर वर्षाकाठी सुमारे दहा लाख वेळा भार येतो आणि जातो. प्रत्येक वेळी भार अल्पच असतो. परंतु आत एखादी टोकदार फट असेल तर तिच्या टोकाशी चीर प्रत्येक पावलागणिक केसभरही नव्हे इतकी पुढे सरकते. शस्त्रक्रियेनंतर काही महिने, काही वर्षे सर्व ठीक असते आणि एके दिवशी भाग मोडतो. रुग्णाला दुसरी, पहिलीपेक्षा अवघड शस्त्रक्रिया सोसावी लागते. खडबडीत पृष्ठभाग आणि पोकळ्या यांमुळे थकवा सोसण्याची क्षमता गुळगुळीत, निर्दोष भागाच्या तुलनेत निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येऊ शकते. साध्या ताण-चाचणीत मात्र असा भाग उत्तीर्ण झालेला असतो.

हाडाशी संबंधित आणखी एक मुद्दा आहे. टिटॅनियमचा ताठपणा सुमारे ११० गिगापास्कल, तर हाडाच्या कठीण कवचाचा १० ते ३० गिगापास्कल. ताठ धातूने सारा भार उचलला की शेजारचे हाड निकामी राहून झिजत जाते. यावर उपाय म्हणून भाग भरीव न करता जाळीदार करतात, आणि अशी जाळी घडविण्यात लेसर पद्धतीचा हात कोणी धरू शकत नाही. जाळीची एकेक काडी अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक असते. तिच्या रुंदीत लेसरच्या दोन-तीन रेषाच मावतात. भरीव भागासाठी ठरविलेली मात्रा तिला जशीच्या तशी लावली तर काडी जाड होते अथवा तिच्यात पोकळी राहते. एकाच वस्तूच्या गाभ्याला, कडेला आणि जाळीला अशा तीन निराळ्या मात्रा ठरवाव्या लागतात त्या यामुळे.

भारतात या क्षेत्रातील काम आता केवळ प्रयोगशाळेपुरते राहिलेले नाही. कोविडनंतर म्युकरमायकोसिसने, म्हणजे काळ्या बुरशीने, ज्यांच्या चेहऱ्याची हाडे गेली अशा रुग्णांसाठी मद्रासच्या आय.आय.टी.ने टिटॅनियमचे भाग प्रत्येकाच्या मापाने घडविले. महाराष्ट्रातील एक दुवा कोल्हापूरच्या उद्योजकांना विशेष जवळचा वाटेल. मुंबईच्या आय.आय.टी.त वैद्यकीय उपकरणांसाठी ‘बेटिक’ हे केंद्र २०१४ साली महाराष्ट्र शासनाच्या राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोगाच्या साहाय्याने उभे राहिले. ते उभारणारे प्राध्यापक बी. रवी यांचे आधीचे मोठे काम ओतकामावरचे आहे. साच्यात रस कसा भरेल, कोठे पोकळी राहील, हे ओतण्यापूर्वीच संगणकावर दाखविणारी प्रणाली त्यांनी विकसित केली होती.

घाईचे गणित

मात्रा बिघडण्याचे सर्वांत नेहमीचे कारण अज्ञान नसून घाई आहे. वर दिलेल्या मापनाने यंत्र सेकंदाला सुमारे ५ घन मिलिमीटर, म्हणजे तासाला १८ घन सेंटिमीटर धातू वितळविते. ९ सेंटिमीटर उंचीच्या वस्तूला ३,००० थर लागतात. प्रत्येक थर पसरण्यास १० सेकंद धरले तरी नुसत्या पसरण्यातच आठ तासांहून अधिक वेळ जातो. थर दुप्पट जाड केला तर हा वेळ निम्मा होतो आणि वितळविण्याचा वेगही दुप्पट होतो. यंत्र महाग, आर्गॉन महाग, विजेचे बिल वेगळे. तेव्हा जाड थर आणि वाढीव वेग यांचा मोह होणे स्वाभाविक आहे. जाड थरासाठी शक्ती, वेग व अंतर पुन्हा नव्याने ठरवून, नमुने तपासून काम केले तर त्यात गैर काही नाही. एकच आकडा गुपचूप बदलणे गैर आहे, कारण वस्तूच्या बाह्य रूपावरून तो बदल ओळखता येत नाही.

पुडीबाबतही तसेच. एकदा वापरून गाळलेली पूड प्रत्येक फेरीला थोडा प्राणवायू घेते. प्रमाणित मिश्रधातूत प्राणवायूचे प्रमाण ०.२० टक्क्यांच्या आत असावे लागते. शरीरात बसवावयाच्या अधिक शुद्ध प्रकारात ते ०.१३ टक्क्यांच्या आत असावे लागते. ती मर्यादा ओलांडली तर लेसरची मात्रा अचूक असूनही वस्तू ठिसूळ निघते.

हीट नंबर

या साऱ्यावर नियंत्रण कसे ठेवावयाचे, याचे उत्तर शोधण्यास फार दूर जावयास नको. चांगल्या फौंड्रीत प्रत्येक वितळीला क्रमांक दिलेला असतो. त्याला ‘हीट नंबर’ म्हणतात. तो ओतीव भागावर उमटविलेला असतो, आणि त्याच रसातून एक चाचणी-कांडी ओतून ठेवलेली असते. उद्या एखादा भाग मोडला तर क्रमांक पाहून त्या वितळीचा रासायनिक तपशील, ओतण्याचे तापमान आणि कांडीच्या चाचणीचा निकाल काढता येतो. त्याच वितळीचे बाकीचे भाग कोठे गेले हेही कळते.

लेसर पद्धतीत हीच शिस्त थोड्या फरकाने लागू होते. प्रत्येक खेपेत मुख्य वस्तूंसोबत चाचणीच्या कांड्या, काही उभ्या व काही आडव्या, त्याच पाटावर घडवाव्या लागतात. त्या कापून, ओढून व सूक्ष्मदर्शकाखाली तपासून निकाल नोंदवावा लागतो. नाजूक भागांची क्ष-किरण सी.टी. तपासणी करून आतील पोकळ्या शोधता येतात. नोंदवहीत चारही आकडे, वस्तू कोणत्या दिशेने उभी केली ते, पेटीतील प्राणवायूचे प्रमाण, पुडीचा गट व ती कितव्यांदा वापरली ते, आणि भट्टीतील उपचाराचे तापमान व वेळ या गोष्टी असावयास हव्यात.

शासकीय रुग्णालयासाठी अशा भागांची खरेदी करणाऱ्या अधिकाऱ्याने निविदेत हीच कागदपत्रे मागितली पाहिजेत. वैद्यकीय उपकरण नियम, २०१७ नुसार असे भाग परवान्याच्या कक्षेत येतातच. परंतु परवाना कारखान्याचा असतो, आणि रुग्णाच्या हाडात बसणारा भाग एका विशिष्ट खेपेचा असतो. त्या खेपेच्या कांड्यांचा निकाल आणि तन्यतेचा आकडा पाहिल्याखेरीज भाग स्वीकारू नये. औद्योगिक प्रशिक्षण संस्था व तंत्रनिकेतने यांतील शिक्षकांना यासाठी महागड्या यंत्राची वाट पाहण्याचे कारण नाही. जवळच्या फौंड्रीतून कोल्ड शट व ब्लो होल असलेले टाकाऊ तुकडे आणून, ते कापून, घासून, भिंगाखाली दाखविले तर फट आणि बुडबुडा यांतील फरक विद्यार्थ्याच्या डोळ्यांत कायमचा बसतो. चार आकड्यांचा भागाकार फळ्यावर करता येतो. ज्या मुलाने कागलच्या वसाहतीत हीट नंबरची नोंद ठेवण्याचे काम दोन वर्षे केले आहे, त्याला लेसर यंत्राची नोंदवही समजावून देण्यास फारसा वेळ लागणार नाही.